हसरू

पलूसहून लग्न होऊन माडग्याळात आले,
तिसऱ्या वर्षी अंगणवाडी मिळाली.
मी उसाच्या पाण्यातली, इथं बाभळी, मेंढरं,
आणि निम्म्या गावाचं घरातलं बोलणं कानडी.

जानेवारीत तक्ते आले. एका लेकराला एक पान.
येतं. मदतीनं येतं. येत नाही.
तीन चौकोन, नखाएवढे.

मायव्वा साडेचार वर्षांची.
डोक्याला एरंडेल, फ्रॉकला बटणाच्या जागी पिन.
तिच्यापुढं टोपणं मांडली, बाटल्यांची,
बचतगटाच्या बायकांनी जमवून दिलेली.
"हिरवं कुठलं गं?"
गप्प.
मग मीच हिरवं उचललं. "हे कसं आहे?"
"हसरू."
मला वाटलं, टोपण हसतंय म्हणाली.
मीही हसले, आणि लिहिलं:
रंग ओळखणे, येत नाही.
शेरा, कल्पनाशक्ती चांगली.
लाल टोपणाला ती "केंप" म्हणाली तोवर
शेऱ्याची जागा संपली होती.

दुपारी सुगलाबाई खिचडीचं पातेलं घासत बसलेल्या.
टँकर यायचा होता, म्हणून नुसती राख.
मी त्यांना हसऱ्या टोपणाची गंमत सांगितली.
त्या हसल्या नाहीत.
"हसरू म्हंजे हिरवंच की हो, बाई."
हात राखेत तसाच.
"केंप म्हंजे तांबडं. पोरगीला समदं येतंय."

तक्त्यावर वरच छापलेलं:
खाडाखोड करू नये.
मी केली. पेन दाबून केली,
मागच्या पानावर दुसऱ्या पोराच्या नावापर्यंत उमटली.

पर्यवेक्षिका मॅडम जतहून आल्या,
नेमकं तिथंच बोट ठेवलं. "हे काय?"
"त्या दिवशी येत नव्हतं, मॅडम."
"मग लगेच कसं आलं हिला?"
"हिला नाही. मला."
त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला,
आणि काही न बोलता पान उलटलं.

एक कोरा तक्ता उरला होता.
त्यावर माझं नाव घातलं, वय एकोणतीस,
आणि तो कपाटात वजनकाट्याखाली ठेवला.
सुट्टी झाली की मायव्वा चिंचोके मांडते,
मी मोजते: ओंद, यरड, मूर, नाक, ऐद, आर...
सातव्याला अडते.
ती तोंडावर हात धरते,
सांगत नाही.
चिंचोक्यावर बोट ठेवून
थांबते.