नातं : बहीण

गेटवरच्या वहीत पहिला रकाना : कोणाकडे.
मी लिहिते, श्रीकर.
पुढचा : नातं. लिहिते, बहीण.
त्याच्या पुढचा : कामाचं स्वरूप.
तिथे दरवेळी पेन अडतं.
शिपाई म्हणतो, लिहा ना, घरगुती.

सतरा वर्षं मी या कुंपणाच्या आत वाढले.
आमच्या इमारतीला हिमालयातल्या शिखराचं नाव होतं
आणि समोरच्या खऱ्या डोंगराचं नाव कोणी घ्यायचं नाही,
फक्त ‘त्या बाजूला’ म्हणायचं.
त्या बाजूला बाबा जायचे सात पन्नासच्या बसने,
डब्यात तीन पोळ्या, मटकीची उसळ.
संध्याकाळी यायचे तेव्हा डबा रिकामा,
तोंडही रिकामं.

शाळेत निबंध आला : माझे वडील.
सदतीस मुलांनी लिहिलं,
माझे वडील शास्त्रज्ञ आहेत, ते देशाची सेवा करतात.
त्यानंतर सदतीस जणांनी
मिशीबद्दल लिहिलं.

एकदा बाबा बिल्ला काढून ठेवायला विसरले,
छातीवर तसाच घेऊन घरी आले,
काडेपेटीएवढा, आत फिल्मचा तुकडा,
किती सोसलं ते मोजणारा.
आई दारातच थांबली. हा कुठे ठेवू?
देवघरात नको, फ्रिजवर नको.
शेवटी कालनिर्णयच्या खिळ्याला टांगला.
रात्रभर तो आमच्याकडे बघत राहिला :
मी तापात बडबडताना,
आई पाण्यासाठी पहाटे उठताना,
बाबा अंधारात पलंगाच्या कडेला
नुसतेच बसून असताना.
महिनाअखेर फिल्म धुतली गेली असेल,
कुठल्यातरी रजिस्टरात
आमच्या त्या रात्रीचा आकडा चढला असेल.
आम्हाला कोणी कळवला नाही.

मग एका मे महिन्यात ते टूरवर गेले.
कुठे, हे विचारायचं नसतं.
टीव्हीवर बातमी आली तेव्हा ते घरी नव्हते.
घोषालकाकूंनी मजल्या-मजल्यावर पेढे वाटले,
आईने त्यांच्या वाटणीचा एक वाटीखाली झाकला.
ते परतले काळवंडून, ओठ फुटलेले.
आईने गॅलरीत त्यांचा बूट उलटा केला :
वाळू पडली, पिवळसर, पिठासारखी.
जुहूची असेल, आई म्हणाली,
आणि तिने ती कोरफडीच्या डब्यात ओतून
वर माती सारली.
बाबांनी अर्धा पेढा खाल्ला.
उरलेल्या अर्ध्याला मुंग्या लागेपर्यंत
कोणी हात लावला नाही.

झैनबबी भांडी घासायला यायची चीता कॅम्पहून,
गळ्यात पास, पासावर तिचा घाबरलेला फोटो.
एकदा खिडकीतून मैदानाकडे
राखेने भरलेलं बोट करून म्हणाली,
वो गोलपोस्ट है ना, वहीं हमारा चूल्हा था.
ट्रकात घातलं त्यांना, तेव्हा ती नऊ वर्षांची.
मी आईकडे पाहिलं.
आईने नळ मोठा सोडला.

आता डोंगराच्या त्या बाजूला श्रीकर जातो.
जेवताना विचारलं, काम कसं चाललंय?
म्हणाला, भेंडी काय महाग झालीये यंदा.
तोच आवाज. पोळीचा तुकडा मोडायची
तीच, थोडी उशिरा होणारी हालचाल.
त्याची मुलगी माझ्या कानाला लागली,
आत्या, तुला माहितीये बाबा काय करतो?
नाही गं.
मला पण नाही, ती म्हणाली,
आणि बक्षीस मिळाल्यासारखी हसली.

परतताना गेटवर वेळ लिहायची : नऊ दहा.
शिपाई बॅटरी मारून पिशवी तपासतो,
आतलं काही बाहेर जात नाही ना.
डब्यात काय?
भेंडी, मी सांगते.
तो झाकण उघडून बघतो,
आणि मला जाऊ देतो.