पाचाचे सात

पिकअप घेतली तेव्हा तिचा रुबाब होता,
नाक खाली, पाठ वर,
सेकंडहँड असूनही.
मग ओशिवऱ्याहून खोली आली:
प्लायवूड, फायबर, एक ओटा, दोन फळ्या.
चौघांनी ती हौद्यात उतरवली
आणि गाडी मागच्या मागे बसली,
भरपेट जेवून माणूस भिंतीला टेकतो तशी.
हेडलाइट झाडावरच्या कावळ्यांकडे बघू लागले.

दारूखान्यातले परकार मिस्त्री
पोतं अंथरून गाडीखाली सरकले.
आवाज तिथूनच आला:
"पाटे सरळ झालेत पार. हसत होते, आता हसत नाहीत.
वजन किती टाकलंय?"

एकतीस वर्षं मी गोदीच्या वजनकाट्यावर होतो.
लोकांचा गंधक, लोकांचे खजूर,
लोकांच्या छापखान्यांचा कागद.
नुसता टायर बघून सांगायचो,
हा शंभर किलो लपवतोय.
आणि माझ्याच घराचं वजन विचारल्यावर
मी म्हणालो, "असेल पाचेकशे."

शेवटी शिवडीच्या धरमकाट्यावर नेली.
हेमलता आत बसली होती, उतरेना.
"मी येणार आहे ना? मग मलाही धरा."
मग मीही स्टिअरिंगवरच बसून राहिलो.
काट्यावरच्या पोरानं बटण दाबलं.
कोरी गाडी आरसी बुकात होती, ती वजा केली:
आठशे बावन्न.
त्यात पाणी, सिलिंडर, गाद्या,
शिलाईचं मशीन (हे मला माहीत नव्हतं)
आणि ती पितळी गोल खिडकी,
कुठल्याशा तोडलेल्या जहाजाची,
एकटी एकोणीस किलो.

परकार म्हणाले, "ही काढा. ॲक्रिलिक लावा, दोन किलोत भागेल."
हेमलता म्हणाली,
"चाळीस वर्षं तळमजल्यावर काढली मिस्त्री.
खिडकीतून लोकांच्या पिशव्या तेवढ्या दिसायच्या,
आणि डोक्यावर कायम दुसऱ्याचं घर.
पाटे वाढवा.
खिडकी राहील."

तेव्हा पाचाचे सात झाले.
त्यांच्या भाच्यानं, तौसीफनं, गंज खरवडला,
पाट्यापाट्यात ग्रीस भरलं,
लांबाखाली आखूड, आखूडाखाली आणखी आखूड,
लांब यू-बोल्ट आवळताना
दात असे आवळले की माझेच दुखले.
नवे शॉकअप. रबराचे जाड ठोकळे.
जॅक उतरवला. गाडी थोडी खाली आली,
आणखी थोडी,
आणि थांबली.
कावळे सुटले. हेडलाइट रस्त्यावर आले.

"एक ध्यानात ठेवा," परकार हात पुसत म्हणाले,
"खोली उतरवून रिकामी चालवलीत तर उडवेल.
प्रत्येक खड्डा कमरेत येईल.
गाडीला शिव्या देऊ नका मग.
तिला ओझ्याची सवय आपणच लावलीय."

मी म्हटलं, हो.
रिटायर झाल्यावर आठ महिने
मी घरात कसा आदळत होतो, कपाटाची दारं, कपबशा,
ते त्यांना कशाला सांगू.
हेमलता मात्र माझ्याकडे बघत होती.

पहिली रात्र लांब गेलोच नाही.
हे बंदर रस्त्याला, गोदामाच्या भिंतीशी लावली गाडी.
एक ट्रेलर गेला. खोली एकदा डुलली,
दुसऱ्यांदा नाही.
वर कोणी पलंग सरकवला नाही,
कोणी खलबत्ता कुटला नाही.
पितळेच्या गोलात क्रेनचा लाल दिवा,
आणि आमच्या खाली, अंधारात,
सात पाटे एकमेकांवर दबून जागे.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली,
"त्या आठशे बावन्नात मी किती?"
मी चिठ्ठी उघडली, टॉर्च मारला,
सवयीनं आकड्याखाली बोट फिरवलं.
"वेगळं नाही दाखवलेलं," म्हणालो.
"सगळं एकदमच आलंय."