जाड कागद

रत्नागिरीहून लाकडी पेटीत आली ती,
भुशात पुरलेली, पंधरा हॉर्सपॉवरची,
झाकणाचा निळा रंग अर्धा उडालेला.
गोरेवाड्याकडच्या ढिवर सोसायटीनं सेकंडहँड घेतली,
जलपर्णीचे गठ्ठे काठाला ओढायला.
आठ दिवस चालली. मग तापायला लागली,
गिअर टाकला की कण्हायची.
सुकरू मेश्रामनं ऑटोत आडवी घालून
टांडापेठेत आमच्या दुकानात आणून टाकली:
"मोटार म्हंजे मोटारच न भाऊ."

आम्ही बोअरवेलचे पंप भरणारे.
तांब्याची तार, वार्निश, फार तर बेअरिंग.

बोल्टांच्या खाचांत पांढरं काही साचलं होतं.
मी नखानं खरवडून जिभेला लावलं.
चौतीस वर्षं झाली, नागपूर सोडून कुठं गेलो नाही.
डोमाजी उस्ताद स्टुलावरून म्हणाले,
"काय बे, समुद्र चाखून राहिला का?
अॅल्युमिनियमचा गंज होय थो. थुंक."
थुंकलो.
पण खारट लागलं होतं. थोडंसं.

खालचा स्क्रू काढला, मग वरचा.
तेल आलं ते कटिंग चहासारखं, दुधाळ.
पाणी शिरलेलं, कधीपासून कोण जाणे.
पिन सरळ करून ओढली, पंखा उतरवला,
मागं शाफ्टला तंगूस, वेढ्यावर वेढे,
सील कापून आत घुसलेला.
मी ब्लेड उचललं. उस्तादांनी मनगट धरलं.
कोष्ट्याचा माणूस, बापाचा माग विकून या धंद्यात आलेला.
चष्मा कपाळावर सारला, टोक शोधलं,
आणि दोन चहा होईस्तोवर उलगडत बसले.
आख्खा तंगूस बोटावर गुंडाळून फळीवर ठेवला,
जणू उद्या कोणी मागायला येणार होतं.

चार बोल्ट. दोन मुकाट आले,
तिसऱ्याला गॅसबत्ती दाखवली,
चौथ्याला रात्रभर तेल पाजलं.
तरी खालचं धड वरच्या धडाला सोडेना.
मी स्क्रूड्रायव्हर फटीत घालून पहारीसारखा रेटला.
"जोर नोको लावू बे.
सुटून नाही राहिलं म्हंजे
एखादा बोल्ट तुले दिसून नाही राहिला."
होता. पंख्याच्या वर ती बोटभर शेपटी असते ना,
तिच्या पोटात.

मग सुटलं, एका हाताच्या वजनानं.

पंपात रबराच्या सहा पाकळ्या हव्यात. चार होत्या.
पाचवी नळीत आडवी बसलेली,
सहावी कॉम्प्रेसरची हवा मारल्यावर
सुकरूच्या चपलेपाशी येऊन पडली.

आणि पंपाखालचा गास्केट.
ब्लेडनं अलगद उचकटला तर त्यावर अक्षरं, लाल, फुगलेली:
॥ श्री कुलस्वा
आणि दुसऱ्या कडेला
हेर आणू नये
तिकडच्या कुणा मिस्त्रीनं लग्नपत्रिका कापून घातली होती.
बोल्टाचं भोक बरोब्बर नवरीच्या नावातून.

सील लोहापुलाकडं मिळाले, ट्रॅक्टरचे, मापाला जुळणारे.
पाकळ्यांचं चक्र मुंबईहून कुरिअरनं आलं, पाचव्या दिवशी.
गास्केटचा कागद त्या दिवशी कुठंच नव्हता.
मी वर गेलो, खोलीत.
पलंगाखाली पत्र्याच्या ट्रंकेत
सदतीस पत्रिका होत्या. वाटायच्या राहिलेल्या,
म्हणजे वाटायची वेळच आली नाही.
कागद जाड, उत्तम. घेताना भाव केला नव्हता.
एक खाली आणली.
उस्तादांनी उलटून पाहिली, चष्मा खाली न घेता,
आणि ग्रीसचा डबा माझ्याकडं सरकवला.

जुन्याच्या मापानं कापली.
भोकं पाडताना पंच कुठं बसतोय ते मी पाहिलं नाही.

ड्रममध्ये पाणी भरलं, मोटार टांगली, दोरी ओढली.
तिसऱ्या झटक्याला धरली.
थोड्या वेळानं मागच्या भोकातून
सुतळीएवढी धार आली, मग चांगली करंगळीएवढी.
सुकरू टाळी पिटून ओरडला,
"मुतून राहिली बे! मुतून राहिली!"
समोरचा इस्त्रीवाला बाहेर आला.
आम्ही तिघं उभे राहून ती धार पाहत होतो,
मी हात घालून पाहिला. कोमट.

बिल साडेतीन हजारांचं झालं. तंगूस सुकरूनं खिशात घातला.
ट्रंक परत लावली.
छत्तीस.