बदललेला पत्ता

खानापुरात लाईट आली तेव्हा
जुना सर्व्हर बंद व्हायला चाळीस मिनिटं उरली होती.
इराण्णाचा फोन : बेग मुगिसू, अक्का.
बिगीबिगीच करतेय रे.

मागं येणारे नऊशे बारा जण
एकेक करून नव्या दारात उतरले.
ब्लॉक केलेल्यांची यादीही आली,
शिव्या देणारे तेवढे शाबूत.
लिहिलेलं मात्र येत नाही म्हणे.

आणि चार वर्षं मी जे पुसलं
ते तर तिथंही नव्हतं :
पाटीवरून पेटलेली रात्र,
कन्नडमधली एक शिवी, तिच्या मराठीतल्या सख्ख्या बहिणी,
तवनाप्पाची तक्रार, की
जोंधळ्याच्या फोटोखाली कुणी विचारलं,
कुठल्या राज्याचा?

आमचं घर न हलता
आजोबांच्या पाकिटावर मुंबई खोडून म्हैसूर,
म्हैसूर खोडून कर्नाटक झालं.
मी हलले स्वतःहून.
खुर्चीवरून उठलेसुद्धा नाही.

इथं मी कुणीच नाही अजून.
समोर भांडण सुरू आहे, ओळखीचं;
बोट जातं जिथं ते बटण असायचं.
तिथं आता फक्त ‘तक्रार करा’.

केली.
बघेल कुणीतरी,
जागं असलं तर.