हात फिरवून बघा

दुसरीच्या एकोणतीस कागदांवर
एकोणतीस वेळा तेच.
दोन डोंगर, मधून सूर्य,
खाली घसरत आलेली नदी, काठाला कौलारू घर.
आता सातपुडा आमच्या उत्तरेला.
त्याच्या फटीतून वर आलेला सूर्य
चोपड्याकडच्या कुणी आजवर पाहिलेला नाही.
तरी काढतात. मीही काढायचे,
आणि दहापैकी आठ घ्यायचे.

म्हणून बुधवारी म्हटलं, मेणखडू सोला,
केळं सोलता तसे.
आज चित्र काढायचं नाही.
आज हात फिरवायचा,
आणि हाताला जिथं काही लागेल
तिथं कागद धरून खडू आडवा घासायचा.
दाबायचं नाही. कागदाला गुदगुल्या होतील, इतपत.
'मॅडम, भुईवर बी?' हर्षलने विचारलं.
भुईवरही.

मग काय, घंटा न होताच शाळा सुटली.
कडुनिंबाची साल, हापशाचा दांडा,
शेडच्या पत्र्याच्या लाटा, गोणपाट, चपलेचा तळवा,
केंद्रप्रमुखांच्या फटफटीचं टायर
(ते आत हजेरीपट तपासत होते),
आणि कुणाच्या तरी पाठीवरचा स्वेटर,
आत ते पोर खिदळत, वळवळत असताना.

फळ्यावर मी दोनच शब्द लिहिले होते:
खडबडीत, गुळगुळीत.
परत येता येता पोरांनी फळा भरला.
खरबरं. राठ. रवाळ. बुळबुळीत.
चरचरीत, हे कापसाच्या वाळल्या बोंडाला.
गायत्री म्हणाली, 'पप्पानी दाढी.'
तेही लिहिलं.

भावेशने घरून केळीचा खांब आणला होता,
घड उतरल्यावर तोडलेला.
आडवा कापला तर आत सगळी जाळीच जाळी,
जणू कुणी पाण्याला खोल्या बांधून दिल्यात.
निळ्या रंगात बुडवून छाप, दोन बोटं सोडून पुन्हा छाप,
पुन्हा दोन बोटं.
एकच गोष्ट न कंटाळता केली की नक्षी होते, मी म्हटलं.
'मंग पाढा बी नक्षीच शे का?'
यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

सारजा मात्र कुठंच दिसेना.
बाजारतळावरच्या पालातली पोरगी,
महिनाभरच आमच्या पटावर.
सापडली खिचडीच्या खोलीत,
सिंधूबाईंच्या पाट्यावर ओणवी होऊन काळा खडू घासत.
कागदावर ठिपके उमटत होते,
मुंग्या रांगेनं निघाव्यात तसे, आडवे, मग तिरपे,
मधोमध माशाच्या काट्यासारखे.
मंगळवारीच त्या पाट्याला टाकी लावून गेली होती
तिची आई, छिन्नी-हातोडा घेऊन.

मी शिकवायला वाकले. म्हटलं, बघ, इथं ओळ चुकलीय,
इथं ठिपके विरळ झालेत.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
पाहुण्याला घर दाखवावं तसं बोट ठेवलं:
'आठे माय थकनी.'
बोट सरकलं. 'आठे पानी पेवाले उठनी.'
आणि कोपऱ्यात, जिथं एक घाव खोल गेलेला,
'आठे मी रडनू.'

केंद्रप्रमुख दारात येऊन उभे.
'छान. पण यात चित्र कुठंय, बाई?'
सिंधूबाईंनी मिरच्यांचं पातेलं जरा जोरातच ठेवलं.

पुढच्या सोमवारी पाल नव्हतं.
तीन दगड, राख, दोरीचा तुकडा.
हजेरीत मी आठ दिवस तिचं नाव घेत राहिले,
मग नियमाप्रमाणे थांबले.
कागद वर्गात लावलाय, खिडकीजवळ,
पोरांचे हात पोचतील इतक्या खाली.
जाता-येता थांबतात.
आठे माय थकनी, म्हणत बोट टेकवतात,
आणि दरवेळी नवल वाटल्यासारखी माझ्याकडे बघतात,
कारण बोटाला काहीच लागत नाही.
कागद गुळगुळीत.