आमदु, रफ्तु

एकतीस वर्षं खांबावर चढलो.
आधी केईबीचा लाईनमन, मग हेस्कॉमचा.
निवृत्तीच्या पैशातून खानापुरात घर काढलं तेव्हा
नकाशा करणारी पोरगी, आश्लेषा मजूकर,
पहिल्या दिवशी कागद उघडलाच नाही तिनं.
म्हणाली, काका, चोर्ल्याकडचा वारा
तुमच्या जागेत कुठनं शिरतो ते दाखवा.

मी बोट केलं.
तिकडं तिनं बुटक्या खिडक्या ठेवल्या,
आणि समोर, छपराला टेकून, झरोके.
भिंती जांभ्याच्या, दुहेरी, मधे चार बोटं पोकळी.
गवंडी परशराम हसला :
पोकळी बांधायची मजुरी किती लावू, बाई?
ती म्हणाली, चिऱ्याचीच लावा.
आता चैत्रात तीन वाजता भिंतीला हात लावतो,
कुंभारवाड्यातल्या घागरीचं पोट लागतं हाताला.

छपरावर आठ पाट्या, दक्षिणेला कलत्या.
बिलावर कन्नडात दोन ओळी येतात :
आमदु, म्हणजे आत आलेली.
रफ्तु, म्हणजे बाहेर गेलेली.
बायको वाचते, आमदनी आणि रफू.
तेही चुकीचं नाही.

बाहेर गेलेली कुठं जाते, ते बिल सांगत नाही.
मला ठाऊक आहे. वीज लांब जात नाही,
जवळच्या भुकेला आधी वाढते.
जवळ बाळाप्पा हुंदऱ्याची चक्की.
दीड फूट जागेवरून सात वर्षं आमचं बोलणं बंद,
खरं अकराच्या उन्हात त्याचा पट्टा
माझ्या छपरावर फिरतो.
त्याला माहीत नाही. मी सांगणार नाही.
आमची ज्वारी तिथंच दळतात. पैसे रोख.

परवा भर दुपारी सागवानाची फांदी तारेवर पडली.
चक्की थांबली. आमचा पंखाही थांबला.
बायको अंगणात गेली, वर बघितलं,
ऊन असं की पाट्यांकडं डोळा ठरेना.
एवढं पैसे घालून काय केलासा हो?
सूर्य आपला, छप्पर आपलं,
आणि त्यांची गेली की आपली पण जाती?

जाते. पेटी स्वतःहून बंद होते.
तशीच बनवली आहे.

मग तिला फकिराप्पा तळवार सांगितला,
जो लग्नाला आला होता, दोनदा खीर मागून घेतलेला.
नंदगडच्या फीडरवर लाईन मेलेली,
आम्ही तपासली होती, मी स्वतः तपासली होती.
तो वर गेला.
आणि भाताच्या गिरणीत कुणीतरी, सरळ मनानं,
जनरेटर सुरू केला.
उलटी आली वीज, गिरणीतनं खांबाकडं.
त्याची पक्कड खाली पडल्याचा आवाज
आधी आला.

बायको काही बोलली नाही.
पायरीवर बसलो दोघं, दार उघडं टाकून.
वारा बुटक्या खिडकीतनं आत आला,
पायांवरून गेला, झरोक्यातनं निघाला;
त्याला कुठलं मीटर.

कोपऱ्यावरच्या खांबावर पिवळं हेल्मेट,
विशीतलं पोर असेल.
फांदी काढली, तार ताणली, उतरला,
दोन्ही पाय जमिनीवर टेकले,
आणि मग ओरडला, हाक्री!

पंखा फिरायला लागला.
मी मूठ सोडली.