खळ

डकवायचं काम माझं. वाचायचं नाही.
कचेरीतून जाहीरनाम्यांची गुंडाळी निघाली
की बाळीवेस, मंगळवार पेठ, मग साखर पेठ.
कमरेला पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला
आणि हातात रिकामा डबा.
खळीचे पैसे सरकार देत नसे.

खळ द्यायची पोशव्वा इराबत्ती.
ज्वारीच्या पिठाची, रात्रभर आंबवलेली,
ताण्याला लावून उरलेली.
तिच्या बोलीत गंजी.
बोट बुडवून, दोन बोटांत तार ओढून बघायची
आणि मगच डब्यात ओतायची,
जणू माझा कागदही उद्या मागावर चढणार होता.

त्या दिवशी कारकून तासगावकरांनी वाचूनही दाखवलं,
वेशीत उभं राहून, घसा खाकरून:
"तमाम रयतेस कळविण्यात येते की
जिल्ह्यातील देशी धंद्यांस उत्तेजन देण्याचे सरकारचे मनात असल्याने
जो कोणी विणकर दोरीने धावणारा धोटा बसवून
एका दिवसात दहा वार कापड काढून दाखवील
त्यास रोख रुपये पन्नास."
गर्दीतून कोणीतरी विचारलं,
चांदीचे की कागदाचे?
तासगावकर म्हणाले, सरकारचे.

ओदय्याने बाभळीचा धोटा तासला.
टोकांना लोहाराकडच्या दोन टोप्या,
दोरी म्हणून बैलाचा जुना कासरा.
पेटीसाठी बाजेचा पाय कापला,
आठवडाभर दोघं जमिनीवर झोपली.
धोटा सुटायचा आणि थेट समोरच्या भिंतीत.
एकदा माझ्या बिल्ल्यावर बसला.
अजून चेपलेला आहे, बघा.
मग एका पहाटे, गिरणीचा भोंगा व्हायच्या आत,
आवाज बदलला.
खट् आणि खट् यांच्या मधली जागा
निम्मी झाली.
गल्लीतले बाकीचे माग थांबले. ऐकत राहिले.

साहेब आले. चौकट ठेंगणी,
टोपी काढायला नको म्हणून दारातूनच बघितलं.
खुर्ची मी वाहून आणली होती.
दिवेलागणीला तासगावकरांनी गज लावला:
अकरा वार आणि चार बोटं.
चार बोटं त्यांनी लिहिली नाहीत.

तीन महिन्यांनी अर्ज परत आला.
शेरा ओदय्याच्या पोराने वाचला, अडखळत:
"अर्जदार मूळचा मोगलाईतला.
सबब सदर धंदा या जिल्ह्यातील म्हणावा किंवा कसे,
याचा खुलासा व्हावा."

प्लेगात त्याची दोन लेकरं गेली
तेव्हा याच कचेरीने नावं लिहून घेतली होती.
राहणार सोलापूर.
तेव्हा खुलासा कोणी मागितला नव्हता.

खुलासा लिहायला अर्जनविसाने आठ आणे घेतले.
उत्तर यायचं ते आलंच नाही.
इकडे पेठेत घराघरात तोच धोटा बसला.
कोणी माप विचारलं की ओदय्या
हातातलं काम ठेवून दोरी लांब करून दाखवायचा.
वर्षअखेरीला तासगावकर मोठ्याने म्हणत लिहीत होते:
सरकारी उत्तेजनामुळे, धावते धोटे, एकशे चाळीस.
मी पंखा ओढत होतो.

मार्गशीर्षात नवी गुंडाळी निघाली.
अक्षरं तशीच दिसली, आकडा तेवढा फुगलेला.
आकडे मला कळतात. शंभर.

डबा घेऊन मी तिच्या दारात.
पोशव्वा काही बोलली नाही.
बोट बुडवलं. तार ओढली. चांगली लांब आली.
मग तांब्या उचलला,
पाणी घातलं,
पुन्हा तार ओढली. तुटली.
आता ओतली.

मी बघितलं होतं. तिनेही बघितलं की मी बघितलं.

वेशीच्या भिंतीवर कागद सरळ लावला,
चारी कोपऱ्यांवर तळहात फिरवला, रोजच्यासारखा.
दुपारी एक कोपरा सुटला.
उन्हं उतरताना बुरुडांची शेळी
'तमाम रयतेस'पासून सुरू करून
शंभरापर्यंत पोचली होती.

हाकलायचं कामही माझंच.
मी डबा घासत बसलो.